रेघेसकट

टीव्हीच्या पडद्यावर उभी रेघ उमटली की घरात आधी केबलवाल्याचा उद्धार होतो. सेट-टॉप बॉक्स बंद करून परत लावला जातो, मागच्या वायरी काढून घालून बघितल्या जातात, कुणीतरी रिमोटचे सेल बदलतं. सेलचा रेघेशी काय संबंध, हे विचारायचं नसतं. खरं तर एवढी खटपट लागत नाही. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडायचा. रेघ त्या मेनूवरूनही जात असेल तर केबलवाला निर्दोष आहे आणि दुखणं टीव्हीच्या आत आहे.

आमची रेघ मेनूवरूनही जात होती.

सेट ४३ इंची, कर्वे रोडवरच्या एका दुकानातून २०२५च्या गुढीपाडव्याला घेतलेला. मुहूर्त चांगला, बिल पक्कं, वॉरंटी एक वर्षाची. गौरी-गणपती उठले आणि त्याच सुमाराला पडद्याच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत हिरवट, बारीक रेघ दिसायला लागली. दुकानदाराला फोन केला. पाडव्याला ज्याने पेढे दिले होते तोच माणूस म्हणाला, ‘मॅडम, आमचं काम विकण्यापुरतं. आता तुम्ही आणि कंपनी.’

एलईडी टीव्ही म्हणून आपण जो घेतो, त्यात बहुतेक वेळा चित्र एलईडी काढत नाहीत. चित्र काढतं ते पुढचं एलसीडी पॅनल; एलईडी मागून नुसता उजेड पाडतात. या पॅनलच्या काठाला पातळ, लवचीक पट्ट्या चिकटवलेल्या असतात. त्यांच्यावर चिप असते आणि पडद्यावरच्या कुठल्या उभ्या रांगेने कोणत्या क्षणी काय दाखवायचं, ते या पट्ट्यांमधून जातं. पट्टीचा सांधा कुठे सैल झाला की तेवढी रांग हुकूम मिळत नाही म्हणून अडून बसते. हा सांधा कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन बसवलेला असतो. घरी आलेल्या मेकॅनिकला तो डाग देऊन जोडता येत नाही. म्हणून तो एवढंच सांगतो, ‘पॅनल गेलंय.’ आणि पॅनल हा सेटमधला सगळ्यात महागडा भाग. वॉरंटीत असताना पॅनल गेलं तर कंपनीचा खर्च, वॉरंटीनंतर गेलं तर लोक दुरुस्तीचा आकडा ऐकून सरळ नवा टीव्ही घेतात. त्यामुळे पहिल्या वर्षातली रेघ ही कंपनीला नको असलेली रेघ असते.

कंपनीकडून पाठीला सॅक लावलेला एक मुलगा आला. त्याने पडद्याच्या काठावर अंगठ्याने हलकेच दाबलं, रेघ गेली. अंगठा काढला, आली. निदान झालंय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण त्यानंतर त्याने टीव्हीमागच्या भिंतीवरून हात फिरवला.

‘काकू, भिंतीला ओल आहे.’

सासूबाई आतापर्यंत गप्प होत्या. ‘पुण्यात पावसाळा असतो हे तुमच्या कंपनीला कुणी सांगितलं नव्हतं का?’

तो भिंत का चाचपत होता हे समजून घेण्यासारखं आहे. फुटलेला पडदा, आत गेलेलं पाणी, पॉवर बोर्डावर जाऊन मेलेली पाल, विजेच्या दाबाने जळलेला भाग, या गोष्टी साधारणपणे वॉरंटीत बसत नाहीत. ओल्या फडक्याने पडदा पुसला की पाणी ओघळून खालच्या काठाला जातं, आणि बऱ्याच सेटमध्ये त्या नाजूक पट्ट्या नेमक्या तिथेच असतात. अशा वेळी चूक घरच्यांची असते आणि कंपनीने नाही म्हटलं तर त्यात अन्याय नाही. पण आमच्या भिंतीची ओल भिंतीतच होती, टीव्हीत नव्हती, आणि हा मुलगा जॉबशीटवर, म्हणजे तपासणीच्या नोंदीच्या कागदावर, ‘ओलावा’ लिहायच्या बेतात होता. तो एक शब्द पडला असता तर पुढचं सगळं भांडण आम्ही हरूनच सुरू केलं असतं. म्हटलं, ‘बाबा, तुला जे दिसतंय ते लिही. रेघ आहे, लिही. पडदा बाहेरून शाबूत आहे, लिही. मागचं झाकण उघडून बघ. पाण्याची खूण सापडली तर तेही लिही.’ त्याने झाकण उघडलं. खूण नव्हती. तसं त्याने लिहिलं, आणि मी त्या कागदाचा तिथेच फोटो काढला.

मुलगा वाईट नव्हता. त्याला कॉलमागे पैसे मिळतात, दिवसभर हडपसरपासून बावधनपर्यंत स्कूटर पळवायची आणि ‘नाही’ म्हणायचं काम त्याच्याकडे, ‘हो’ म्हणायचा अधिकार भलत्याकडे. जाताना म्हणाला, ‘एक ओटीपी आलाय बघा, तेवढा सांगा.’ हा ओटीपी म्हणजे काम पूर्ण झाल्याची पावती असते. काम व्हायच्या आधी तो सांगितला की कंपनीच्या संगणकात आपली तक्रार मिटते आणि आपण समाधानी ग्राहक होतो. मी म्हटलं, ‘पॅनल बसव, मग चहा आणि ओटीपी दोन्ही देते.’ तो हसला. त्याला हे उत्तर नवीन नसावं.

मग ‘पार्ट पेंडिंग’चे दिवस आले. फोन लावला की एक आवाज ४८ तासांत काम होईल म्हणायचा, आणि पुढच्या वेळी लावला की दुसरा आवाज तेच ४८ तास नव्याने सुरू करायचा. या दिवसांबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण मला खरा धक्का बसला तो घरात.

सासूबाईंना रेघेची सवय झाली.

सुरुवातीला त्या चिडल्या होत्या. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या बरोबर कानातून रेघ जायची आणि त्या म्हणायच्या, ‘हिच्याकडे बघवत नाही.’ मग त्यांनी आपली खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली. खुर्ची सरकवल्याने रेघ काही हलत नाही, पण त्यांना बरं वाटलं. मग त्या रेघेचा उपयोग करू लागल्या. क्रिकेट बघताना, ‘तो रेघेच्या अलीकडे उभा आहे ना, त्याच्याकडे झेल जाणार.’ मालिकेत, ‘रेघेपलीकडची ती थोरली जाऊ.’ मी कंपनीला फोन लावत असले की त्या हात हलवून खुणावायच्या, असू दे गं आता, आवाज मोठा कर.

खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. रेघ बघून म्हणाल्या, ‘एकच ना? आमच्याकडे दोन आहेत. पण आता दिसत नाहीत.’

दिसत नाहीत! रेघा तिथेच आहेत, काकू रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसतात, टीव्ही घेतला तेव्हा वॉरंटीही होती, आणि तरी त्यांना त्या दिसत नाहीत. ते ऐकल्यापासून मी कंपनीवर चिडणं जरा कमी केलं. कंपनीला वॉरंटीतल्या कलमांपेक्षा मोठा आधार आपल्या डोळ्यांचा असतो. ‘पार्ट पेंडिंग’ हे दोन शब्द पुरेसे लांबवले की माणूस भांडून थकतो हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याला बिघाड दिसेनासा होतो. मग तक्रार कशाची करणार? आमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर जमिनीच्या चार बोटं वर थांबते. आम्ही सगळे नकळत पाय उचलून बाहेर पडतो. पाहुणा अडखळला की त्याला म्हणतो, ‘अहो, जरा बघून!’

सासूबाईंचा मात्र यात दोष म्हणवत नाही, त्यांचं टीव्ही बघणंच तसं घडलेलं आहे. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे ते पुण्यातल्या घरांत पोचलं. त्यांच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात पहिला सेट आला तेव्हा एकजण कौलांवर अँटेना फिरवत, दुसरा खिडकीत, तिसरा सेटसमोर. ‘आलं का?’ ‘आलं, आलं... गेलं!’ पडद्यावर मुंग्या असायच्या, एका माणसाची दोन-दोन माणसं दिसायची, आणि दोष असायचा वाऱ्याचा किंवा अँटेनावर बसलेल्या कावळ्याचा. त्यासाठी कुणावर दावा लावणार? आणि सेटच बिघडला तर पेठेतला टीव्हीवाला डबा घेऊन यायचा, मागची बाजू उघडायचा, एखादा भाग तपकीर गल्लीतून आणून बसवायचा. दुरुस्ती सुट्या भागाची असायची. आजही काही दुखणी तशी आहेत. आवाज येतोय आणि पडदा काळा, तर अंधारात टॉर्च मारून बघायचा. पुसट चित्र दिसलं तर मागचा उजेड गेलाय, चित्र जिवंत आहे. ते काम कुशल मेकॅनिक करून देतो. पॅनलचं तसं नाही. तिथे मेकॅनिक नुसता निरोप्या उरतो.

अखेर पॅनल आलं. दोन मुलांनी आमच्या पलंगावर दुलई पसरून टीव्ही पालथा घातला, स्क्रू दुलईत हरवले, सापडले, काम झालं. चहा दिला, ओटीपी दिला. दिवाळी नीट गेली. त्यानंतर उजव्या कोपऱ्यात धुरकट डाग आला आणि काही दिवसांनी, अगदी नवीन जागी, नवी रेघ.

बदललेला भाग कोरा करकरीत असेलच असं नसतं. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत पुष्कळदा तशी सोय केलेली असते. पॅनलच्या खोक्यावर काय लिहिलं होतं ते आता कुणालाच माहीत नव्हतं. मी पहिल्यांदाच सरळ म्हटलं, दुरुस्ती नको, टीव्ही बदला किंवा पैसे परत करा. उत्तर आलं, वॉरंटीच्या अटींनुसार दुरुस्ती करायची की बदलून द्यायचं हे कंपनी ठरवते.

तेव्हा सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ‘कंपनी ठरवते? असं कसं?’

डोळ्यांना सवय झालेली बाई हिशेबाला मात्र अजिबात सरावलेली नव्हती. त्या टिळक रोडवरच्या ग्राहक पेठेत वर्षानुवर्षं सामान भरलेल्या. पुडक्यावरचं वजन, तारीख, किंमत वाचल्याशिवाय पिशवीत काही जायचं नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली ती याच शहरात, आणि त्या वेळची भाषणं ऐकलेली माणसं पेठांमधून अजून आहेत. ग्राहकांसाठीचा केंद्रीय कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, २४ डिसेंबर १९८६ला झाला. त्या तारखेला म्हणूनच राष्ट्रीय ग्राहक दिन असतो. पुणेकरांच्या तक्रारखोरपणावर विनोद करणाऱ्यांना हा भाग सहसा ठाऊक नसतो.

आता लागू आहे तो २०१९चा कायदा, जुलै २०२०पासून अमलात आलेला. वॉरंटी कार्ड हे कंपनीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं आश्वासन असतं. त्यातल्या अटींनी कायद्याने दिलेला हक्क पुसला जात नाही. वस्तूत दोष सिद्ध झाला तर जिल्हा ग्राहक आयोग तो दोष दूर करायला सांगू शकतो, वस्तू बदलून द्यायला सांगू शकतो, भरलेली किंमत व्याजासह परत करायला सांगू शकतो, वर नुकसानभरपाई देऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही. वकील लागतोच असं नाही. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, आणि ‘आमचं काम विकण्यापुरतं’ म्हणणाऱ्या दुकानदारालाही कंपनीबरोबर सामनेवाला करता येतं. मुदत दोन वर्षांची. हे सगळं मी सासूबाईंना वाचून दाखवत होते आणि त्या कीर्तनात बसल्यासारख्या माना डोलावत होत्या.

कायद्यात आणखी एक गंमत आहे. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवायची तरतूद आहे. तपासणी लागत नसेल तर निकाल तीन महिन्यांत, लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तारखांचा अनुभव असलेली मंडळी हे वाचून हसतात. कंपनीचे वकील ‘तज्ज्ञाचा अहवाल कुठे आहे?’ असा मुद्दा काढू शकतात. म्हणून तर त्या सॅकवाल्या मुलाची जॉबशीट मोलाची. कंपनीच्याच माणसाने, कंपनीच्याच कागदावर, पडदा शाबूत आहे आणि पॅनल सदोष आहे असं लिहून दिलेलं. फोनवर आवाज चढवून मला जे मिळालं नसतं ते त्या चिटोऱ्यात होतं.

आयोगापर्यंत जावं लागलं नाही. बिल, दोन्ही जॉबशीटा, रेघेचे आणि डागाचे तारखेसह फोटो, टीव्हीच्या मेनूवरून जाणाऱ्या रेघेचा व्हिडिओ, असं सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण विभागाला ईमेल केला. त्यात राग अजिबात घातला नाही. एक मुदत घातली, आणि त्यानंतर ई-जागृती पोर्टलवर आयोगाकडे तक्रार दाखल करू असं लिहिलं. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. १९१५ म्हणजे न्यायालय नव्हे. ते आपलं म्हणणं कंपनीपर्यंत पोचवतात आणि उत्तर मागतात, हुकूम देत नाहीत. पण कंपनीत त्या नोंदी बघणारी माणसं वेगळी असतात एवढं मला अनुभवाने पटलं. कारण पुढचा फोन ज्या गृहस्थांचा आला, त्यांनी ४८ तासांचा उल्लेखही केला नाही. पैसे परत द्यायला तयार होते. फक्त आजच्या किमतीने.

ही आजची किंमत नीट बघण्यासारखी होती. आम्ही घेतला तेव्हा ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे करासकट जी वस्तू १२८ रुपयांना पडत होती ती ११८ला यायला लागली. रेघ आली ऑगस्ट-सप्टेंबरच्या सांध्यावर, ‘पार्ट पेंडिंग’ चाललं कर उतरेपर्यंत आणि त्याच्याही पुढे, आणि आता परतावा उतरलेल्या भावाने!

नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता मत दिलं, ‘घे आणि मोकळी हो. थोडक्यासाठी किती ताणायचं?’ याच माणसाने आधी, ‘ऑनलाइन घेतला असता तर बदलून मिळाला असता,’ असंही सांगून झालं होतं. ऑनलाइनची बदलून देण्याची मुदत आठ-दहा दिवसांची असते आणि आपली रेघ पाच महिन्यांनी आली, हे मी त्याला तेव्हा समजावलं होतं. परत समजावलं नाही.

गृहस्थांना उत्तर लिहिलं की कायदा ‘भरलेली किंमत’ परत करण्याबद्दल बोलतो, आणि आम्ही काय भरलं ते बिलावर कराच्या आकड्यासकट छापलेलं आहे. टीव्ही आम्ही वापरला म्हणून घसारा कापायचा असेल, तर त्यातल्या निम्म्या काळात तो रेघेसकट किंवा पलंगावर पालथा वापरला, तेही हिशेबात धरा. शेवटचं वाक्य सासूबाईंचं. मी ते काढणार होते, त्यांनी काढू दिलं नाही. बिलाची पूर्ण रक्कम मंजूर झाली.

सेट न्यायला टेंपो आला. तक्रार चालू असताना वस्तू ताब्यात देताना सेटचा अनुक्रमांक, स्थिती आणि तारीख लिहिलेली पोच घ्यायची. खात्यात पैसे येईपर्यंत तो कागदच आपला टीव्ही. पैसे आले.

नवा सेट घ्यायला सासूबाई स्वतः आल्या. ऑनलाइन नाही आणि त्या दुकानातही नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. कुमठेकर रस्त्यावरच्या दुकानात विक्रेत्याने नेहमीप्रमाणे झगमगीत निसर्ग लावला. त्यांनी तो बंद करायला लावला. ‘नुसता पांढरा दाखव. आता काळा. लाल आहे?’ एकेका रंगाकडे त्या चष्मा वर-खाली करत बघत राहिल्या. विक्रेत्याला घाम फुटला. मग तो तीन वर्षांच्या जादा वॉरंटीवर आला. त्यांनी विचारलं, पॅनल त्यात आहे का. आहे. बदललेलं पॅनल नवीन असणार का. त्याने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, असतं बहुधा. ‘बहुधा नको. नवीन देणार असलात तर बिलावर लिहा, नसलात तर ते तीन वर्षांचे पैसे बिलातून काढा.’

मॅनेजरने ते पैसे बिलातून काढले आणि कंपनीच्या मूळ वॉरंटीचं बिल छापून हातात दिलं. सासूबाईंनी ते उलटसुलट बघितलं.

‘शिक्का?’

‘आजी, हे कॉम्प्युटर बिल आहे. शिक्का लागत नाही.’

‘मला लागतो,’ त्या म्हणाल्या आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या.